चांदीची धाव

टेक्ससच्या दक्षिण टोकाचं ब्राउन्सव्हिल गाव मागे टाकून समुद्राकडे जाणारा चार नंबरचा रस्ता हल्ली लोक धरतात तो रॉकेट बघायला. आम्हीही त्यासाठीच धरला होता. ऑगस्टचा पहिला आठवडा, लेकीची शाळा सुरू व्हायला दहाएक दिवस, आणि तीन महिन्यांसाठी खामगावहून आलेले बाबा ह्यूस्टनच्या घरात एसीची हवा खाऊन पार कंटाळलेले. भल्या पहाटे निघालो. रॉब्सटाउनच्या आसपास उजाडलं आणि दोन्ही बाजूंना कापूस दिसायला लागला, मशीनने वेचून गुलाबी-पिवळ्या प्लास्टिकात गुंडाळलेला, घराएवढाल्या वळकट्या शेताच्या बांधावर ओळीने मांडलेल्या. बाबांची सगळी नोकरी कापसाच्या खरेदी केंद्रावर ग्रेडर म्हणून गेली. गाडी थांबवायला लावून ते उतरले, रस्त्याकडेच्या गवतात अडकलेला एक पुंजका उचलला, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढला, तंतू एकावर एक जुळवले, पुन्हा ओढला. मग अंगठ्याच्या नखावर लांबी धरून म्हणाले, "एकोणतीस भरंन." मिलिमीटर. आणि पुंजका शर्टाच्या खिशात ठेवून परत गाडीत बसले. बस, एवढंच. पण त्यांचा चेहरा तीन महिन्यांत पहिल्यांदा कामावर असल्यासारखा दिसला.

चार नंबरच्या रस्त्यावर कापूस नाही. तिथे काहीच नाही. खारवलेली सपाट जमीन, उघडी पडलेली पांढुरकी माती, मधूनच एखादी मातीची टेकडी म्हणावी तर टेकडी नाही अशी गाठ, आणि मेस्कीटची काटेरी झुडपं. ती बघून बाबा म्हणाले, "ही त आपली येडी बाभूळ वं!" अगदी तीच नाही, पण चुलत बहीण नक्की. पुढे क्षितिजावर रॉकेटचा स्टीलचा उभा नळा उन्हात चकाकत होता. बाबांना पाय मोकळे करायचे होते म्हणून एका फलकापाशी गाडी घेतली. समुद्राची खारी, चिकट हवा अंगावर आली. लेकीला सातवीत टेक्ससचा इतिहास असणार होता, म्हणून मी जरा आईपणा करत तिला फलक वाचायला लावला. तिने आपल्या मराठीत आबाजींना सांगितलं, इथे सिव्हिल वॉरची, म्हणजे उत्तर-दक्षिणेच्या यादवीची, शेवटची लढाई झाली, पाल्मिटो रँच, १२ आणि १३ मे १८६५. आणि दक्षिणेचे जनरल ली शरण आले होते ९ एप्रिलला, तिकडे लांब, व्हर्जिनियात.

बाबांनी बोटांची पेरं मोजली. गाठी मोजायचे तशीच.

"म्हणजे महिनाभर आंधी लढाई सरली होती," ते म्हणाले. "मंग हे काहून लढले वं?"

लेक लगेच म्हणाली, "न्यूज पोचली नसेल, आबाजी. तेव्हा फोन कुठे होते?" बाबांनी मान हलवली, पण ते माझ्याकडेच बघत होते. सोळा वर्षं या राज्यात काढली मी. नागरिकत्वाच्या परीक्षेत उत्तर आणि दक्षिणेच्या युद्धाचं नाव विचारतात, ते मला बिनचूक येत होतं. पण त्या माळावर उभं राहून मी "हो, तसंच असेल" असं काहीतरी पुटपुटले आणि सगळ्यांना गाडीत बसवलं. रॉकेट बघितलं. फोटो काढले. परतताना बॉर्डर पेट्रोलच्या नाक्यावर गाडी थांबली, गणवेशातल्या पोराने काचेतून वाकून विचारपूस केली. बाबांनी पासपोर्टाची पिशवी पोटाशी घट्ट धरली होती. आणि माझ्या डोक्यात ते "काहून" तसंच राहिलं, दातात अडकलेल्या भुईमुगाच्या फोलपटासारखं.

रात्री मोटेलात दोघं झोपल्यावर मी फोनवर वाचत बसले. आणि पहिलीच गोष्ट सापडली ती अशी की न्यूज पोचली होती. १ मेच्या सुमारास रिओ ग्रांदे नदीतून वर चाललेल्या एका आगबोटीतल्या उतारूने न्यू ऑर्लिन्सचं वर्तमानपत्र काठावरच्या दक्षिणी सैनिकांकडे भिरकावलं होतं. पाल्मिटो रँचपाशीच. त्यात लींची शरणागती होती, लिंकनचा खून होता, सगळं होतं. ते वाचून काहीशे शिपाई बंदुका खांद्यावर टाकून चक्क घरी निघून गेले. मागे राहिले त्यांना माहीत होतं. समोर ब्राझोस बेटावर तळ ठोकून बसलेल्या युनियनच्या, म्हणजे उत्तरेच्या, सैन्यालाही माहीत होतं. दोन्हीकडच्यांनी तोवर एक अलिखित समजूत पाळली होती, उगाच कशाला एकमेकांना मारायचं म्हणून. तरीही युनियनच्या कर्नल बॅरेटने ११ मेच्या रात्री अडीचशे काळे पायदळ सैनिक आणि घोड्यांविना पन्नासेक टेक्सन घोडेस्वार खाडी ओलांडून पाठवले. १३ तारखेच्या पहाटे आणखी इंडियानाची पलटण आली. त्याच दुपारी ब्राउन्सव्हिलहून दक्षिणेचा कर्नल फोर्ड तोफा आणि घोडदळ घेऊन आला. या फोर्डचं टोपणनाव 'रिप'. मेक्सिकोच्या युद्धात मेलेल्यांच्या याद्या लिहिताना प्रत्येक नावापुढे 'आत्म्यास शांती लाभो'ची इंग्रजी आद्याक्षरं लिहून लिहून पडलेलं. त्याने युनियनच्या लोकांना त्याच खारट माळावरून समुद्रापर्यंत पिटाळलं, शंभरेक कैद केले. इंडियानाचा एक साधा शिपाई मेला. संपूर्ण यादवीत लढताना मेलेला शेवटचा माणूस म्हणून त्याचं नाव घेतात. म्हणजे शेवटची लढाई जिंकली कोणी, तर युद्ध हरलेल्यांनी.

का? कोणी म्हणतं बॅरेटला एकतरी लढाई स्वतःच्या नावावर हवी होती. कोणी म्हणतं घोडे हवे होते. आणि कोणी म्हणतं, ब्राउन्सव्हिलमध्ये पडलेला कापूस. एका बाजूला तो घ्यायचा होता, दुसऱ्याला तो नदीपार जाईपर्यंत सांभाळायचा होता.

कापूस हा शब्द वाचला आणि मी शेजारच्या पलंगावर घोरणाऱ्या बाबांकडे बघितलं. खुर्चीच्या पाठीवर त्यांचा शर्ट होता, खिशात तो पुंजका.

टेक्सस त्या युद्धात नेमकं काय होतं, हे इथे राहणाऱ्याला सहज समजत नाही, कारण युद्ध इथे दिसतच नाही. व्हर्जिनियात, जॉर्जियात जळलेली शहरं आहेत, खंदक आहेत. इथे त्यातलं काही नाही. हे दक्षिणेचं टोक, अर्धवट वसलेलं. १८६० च्या शिरगणतीत ६,०४,२१५ माणसं, त्यातली १,८२,५६६ गुलाम; आणि पश्चिमेला जिथे वस्ती संपते तिथून कोमांची या आदिवासींचा मुलूख. फुटून निघायचं ठरलं तेव्हा गव्हर्नर सॅम ह्यूस्टनने, ज्याच्या नावाच्या शहरात मी घराचे हप्ते भरते त्या माणसाने, दक्षिणेच्या निष्ठेची शपथ घ्यायला नकार दिला आणि मार्च १८६१ मध्ये त्याला खुर्चीवरून उतरवलं गेलं. त्याआधीच, फेब्रुवारीत, सॅन अँटोनिओत अमेरिकी लष्कराच्या जनरल ट्विग्जने राज्यभरातली लष्करी ठाणी एक गोळी न उडवता देऊन टाकली होती. सुमारे २,७०० शिपाई, दारूगोळा, खेचरं, आणि (हे मला फार आवडतं) कॅम्प व्हर्डीचे उंट. अमेरिकेच्या लष्कराने वाळवंटात वाहतुकीसाठी आणलेले पन्नासेक उंट. त्या उंटांचंही राज्य एका दिवसात बदललं. त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे. उंटाच्या तोंडावरून तसंही काही कळत नाही.

मग माणसं गेली. साठ-सत्तर हजारांच्या आसपास टेक्सन दक्षिणेच्या सैन्यात लढले आणि त्यातले कितीतरी हजार मैलांवर जाऊन लढले. हूडची टेक्सस ब्रिगेड लींच्या सैन्याचं पातं समजली जायची. १७ सप्टेंबर १८६२ ला अँटिटमच्या मक्याच्या शेतात फर्स्ट टेक्सस पलटणीचे २२६ लोक शिरले आणि १८६ मेले, जखमी झाले नाहीतर हरवले. शंभरातले ब्याऐंशी. एका दिवसात एवढं नुकसान दोन्हीकडच्या कुठल्याच पलटणीचं झालं नाही म्हणतात. मी मक्याच्या शेतात वाढलेली नाही, पऱ्हाटीच्या शेतात वाढले; पण ऐन सप्टेंबरात डोक्यावरून गेलेल्या पिकात आत शिरलं की बाहेरचा आवाज कसा बुजून जातो आणि फक्त पानांची सळसळ कानाशी येते, ते मला माहीत आहे. त्या सळसळीत गोळ्या. ब्रिगेडमध्ये सगळी वर्षं मिळून हजारो लोक भरती झाले. ली शरण आले त्या अॅपोमॅटॉक्सला शस्त्रं खाली ठेवायला सहाशेच्या आसपास उरले होते. आणखी तीनेक हजार सॅन अँटोनिओहून पश्चिमेला निघाले होते, न्यू मेक्सिको जिंकून कोलोरॅडोच्या सोन्यापर्यंत पोचायला. मार्च १८६२ मध्ये ग्लोरिएटाच्या खिंडीत समोरची लढाई त्यांनी जवळजवळ जिंकली होती. तेवढ्यात मागच्या बाजूने डोंगर उतरून शत्रूने त्यांच्या सामानाच्या गाड्या जाळल्या. खायला-प्यायला काही उरलं नाही. वाळवंटातून रखडत परतले ते निम्मेशिम्मे.

आणि पोरं अशी परमुलखात मरत असताना घरची हद्द उघडी पडली. सीमेवरच्या पलटणी अपुऱ्या, बंदुका जुन्या. ऑक्टोबर १८६४ मध्ये एल्म क्रीकवर कोमांची आणि कायोवांचा मोठा हल्ला झाला, बायकापोरं पळवली गेली, आणि वस्तीची रेघ मैलोन् मैल मागे सरकली. इथले लोक हे सांगताना 'हद्द मागे गेली' असं म्हणतात. कोमांचींच्या घरात त्याच गोष्टीला काय म्हणत असतील, हा विचार माझ्या मनात पहिली दहा वर्षं आलाच नव्हता. आपण नव्या घरी राहायला गेलो की घरमालकाच्याच गोष्टी ऐकतो.

ह्यूस्टनच्या हर्मन पार्कात लेकीला बाबागाडीत घालून मी फिरवायचे तेव्हा तिथे एक पुतळा होता. डिक डाउलिंग, दारूचा गुत्ता चालवणारा आयरिश माणूस. ८ सप्टेंबर १८६३ ला सबाइन पासच्या मातीच्या किल्ल्यात त्याच्यासोबत चाळीस-पंचेचाळीस आयरिश गोदी कामगार आणि सहा तोफा होत्या. समोर युनियनच्या चार लढाऊ बोटी आणि मागे जहाजांवर पाच हजार सैन्य. पाण्यात खुणेच्या काठ्या रोवून त्यांनी आधीच नेम घोटून ठेवला होता. दोन बोटी निकामी केल्या, तीनशेवर माणसं कैद केली, आपलं एकही गमावलं नाही. बाकीचा ताफा माघारी वळला. गोष्ट म्हणून ऐकायला काय छान आहे! पावनखिंडीच्या गोष्टींवर वाढलेल्या माणसाला मूठभर विरुद्ध हजारो म्हटलं की पुढचं ऐकायच्या आधीच छाती फुगवायची सवय असते. माझीही फुगली होती. कोणासाठी लढले हा प्रश्न मागाहून आला, आणि माझ्या डोक्यातून नाही, बाहेरून आला. २०१७ मध्ये डाउलिंग स्ट्रीटचं नाव इमॅन्सिपेशन अव्हेन्यू झालं. तो रस्ता इमॅन्सिपेशन पार्कावरून जातो, जी जमीन गुलामीतून सुटलेल्या लोकांनी पैसे गोळा करून १८७२ मध्ये विकत घेतली, आपला मुक्तीचा दिवस साजरा करायला हक्काची जागा हवी म्हणून. २०२० मध्ये पुतळाही हलवला. मला वाईट वाटलं का? जरासं वाटलं, खोटं कशाला बोलू. लेकीचं पहिलं पाऊल त्याच बाजूच्या हिरवळीवर पडलं होतं.

त्यांचा तो मुक्तीचा दिवस म्हणजे १९ जून. आता देशभर सुट्टी असते. आमच्याकडे त्या दिवशी निम्मं ऑफिस गॅल्व्हस्टनच्या किनाऱ्यावर कोळंबी खात असतं. गॅल्व्हस्टनमध्येच १८६५ साली त्या तारखेला जनरल ग्रँजरने हुकूम काढला की सगळे गुलाम आता मुक्त आहेत. लिंकनचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा लागू झाला होता १ जानेवारी १८६३ ला. आणि योगायोग असा की त्याच पहाटे गॅल्व्हस्टनच्या बंदरात लढाई चालू होती. कापसाच्या गाठी रचून तटबंदी केलेल्या दोन नदीतल्या बोटींनी युनियनची हॅरिएट लेन नावाची युद्धनौका पकडली आणि शहर दक्षिणेने परत घेतलं. ज्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये सुटका कागदावर उतरली, त्याच दिवशी कापसाच्या आडोशाने टेक्ससचं दार पुन्हा बंद झालं. अडीच वर्षांसाठी. शाळेत सांगतात बातमी उशिरा पोचली. कसली उशिरा? इथल्या वर्तमानपत्रांत जाहीरनाम्याची बातमी, त्यावरची आगपाखड, सगळं छापून येत होतं. उलट लुइझियाना-मिसिसिपीचे मळेवाले आपले गुलाम हाकत टेक्ससमध्ये आणत होते, कारण युनियनचं सैन्य इथवर पोचत नव्हतं. लांब असणं ही टेक्ससची अडचण नव्हती, तीच त्याची कामगिरी होती. दडवायला लांब, आणि गुपचूप विकायला जवळ.

न्यूज पोचली होती.

त्याच हॅरिएट लेनवर एडवर्ड ली (जनरल ली वेगळे) नावाचा तरुण अधिकारी होता, युनियनचा. त्याचे वडील आल्बर्ट ली दक्षिणेचे मेजर, किनाऱ्यावर. लढाई संपल्यावर वडील बोटीवर चढले तेव्हा मुलगा शेवटच्या घटका मोजत होता. गॅल्व्हस्टनच्या दफनभूमीत त्याच्या दगडावर नावाखाली चार शब्द आहेत: माझे वडील इथे आहेत. आम्ही नवराबायकोने तो दगड कधीतरी, लेक व्हायच्या आधी, सहज फिरताना पाहिला होता. या खेपेला बाबांना गॅल्व्हस्टनला दोनदा नेलं. समुद्र दाखवला, फेरीबोटीत बसवलं, डॉल्फिन दाखवले. तो दगड दाखवला नाही. विसरले नव्हते. त्यांना मधुमेह आहे, पाय सुजतात, दर वेळी विमानतळावर व्हीलचेअर सांगावी लागते. मला नाही दाखवावंसं वाटलं.

कापसाकडे येते. उत्तरेने दक्षिणेची सगळी बंदरं अडवली तेव्हा एक फट राहिली. रिओ ग्रांदे ही दोन देशांमधली नदी, तहानुसार दोघांना मोकळी. मेक्सिकोच्या काठावरचा माल अडवायचा अधिकार युनियनला नव्हता. मग सगळ्या टेक्ससचा, लुइझियाना-आर्कन्सासचाही कापूस अॅलिटनच्या रेल्वे टोकापर्यंत यायचा आणि तिथून बैलगाड्या-खेचरगाड्यांनी दक्षिणेला. त्याला कापसाचा रस्ताच म्हणत. किंग रँचवर मुक्काम, ब्राउन्सव्हिलला नदी ओलांडायची, मातामोरोसहून नदीच्या मुखावरच्या बगदाद नावाच्या बंदरात. वाळूवर वसलेलं झोपड्यांचं गाव, आणि समोर समुद्रात एकेका वेळी शंभराहून जास्त परदेशी जहाजं नांगर टाकून उभी. कापूस जायचा आणि बंदुका, दारूगोळा, औषधं, कापड परत यायचं. १८६३ च्या नोव्हेंबरात युनियनने ब्राउन्सव्हिल घेतलं तर रस्ता वर लारेडोला सरकला. तिथे मार्च १८६४ मध्ये सांतोस बेनाविदेस या मेक्सिकन वंशाच्या कर्नलने बेचाळीस माणसांनिशी गाव राखलं, कारण चौकात पाच हजार गाठी पडल्या होत्या. टेक्सस ही दक्षिणेची मागची खिडकी होती, आणि खिडकीतून दिवसरात्र रुई बाहेर पडत होती. आम्ही ज्या हायवेने पहाटे खाली उतरलो, त्याच्याच आसपासच्या मातीतून त्या गाड्या गेल्या असतील. बगदाद आता नाही. वादळांनी पुसून टाकलं. रॉकेट बघायच्या किनाऱ्यावरून दक्षिणेला चालत गेलं तर नदीचं मुख लागतं, पलीकडे नुसती वाळू.

आता आमच्या घरची गोष्ट. आजी सांगायची, तिच्या आजेसासऱ्यांच्या बापाने बैलगाडीच्या चाकाला चांदीची धाव बसवली होती. "कुठंतरी साहेबाच्या मुलखात लढाई लागली," एवढाच तिचा इतिहास, "आन् कापसाले सोन्याचा भाव आला." नव्या पिढीला धाव म्हणजे पळणं वाटेल, लाकडी चाकावर बसवतात तो लोखंडी पट्टा तो धाव. वऱ्हाड-नागपूरकडच्या इंग्रज अधिकाऱ्यांनीही अशा चांदीच्या धावा आणि चांदीचे नांगराचे फाळ दिसल्याचं लिहून ठेवलंय, त्यामुळे आजी अगदीच थापा मारत नसावी. बाबांचा मात्र विश्वास नाही. "चांदीची धाव एका कोसात झिजंन. वरातीपुरती लावली असंन." अमेरिकेचा कापूस बंद पडला, मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी राहिल्या, आणि खानदेश-वऱ्हाडची रुई मुंबईच्या बंदरात ओतली गेली. मुंबईत शेअरांचं वेड लागलं, प्रेमचंद रायचंदांनी विद्यापीठाला दिलेल्या पैशांतून पुढे राजाबाई टॉवर उभा राहिला. आणि लढाई संपल्याची बातमी आली तशी किंमत कोसळली, १ जुलै १८६५ ला सट्ट्याचे सौदे पुरे करायच्या दिवशी अर्धी मुंबई दिवाळखोर झाली. आमच्याकडची धाव त्याच सुमारास विकली गेली. घरात मागे उरली ती फक्त म्हण. कोणी ऐपतीबाहेर खर्च केला की आजी म्हणायची, "लावा, चांदीची धाव लावा."

मोटेलात त्या रात्री हे दोन रस्ते माझ्या डोक्यात पहिल्यांदा एकत्र आले. एकीकडे किंग रँचवरून खाली चाललेल्या गाड्या, दुसरीकडे आमच्या घराण्यातली, कापूस भरून निघालेली ती एक गाडी. दोन्हीतला माल शेवटी त्याच गिरण्यांत. टेक्ससचा कापूस जेवढा अडेल तेवढा आमचा वधारणार. म्हणजे अँटिटमच्या मक्यात, गॅल्व्हस्टनच्या बंदरात जे चाललं होतं ते जितकं लांबेल तितकी आमची धाव जाड. आजीच्या आजेसासऱ्यांच्या बापाला हे माहीत नव्हतं. माहीत असतं तर त्याने भाव कमी घेतला असता का? मी नसता घेतला.

त्याच युद्धातून आपल्याकडे आणखी एक गोष्ट आली. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं आणि अमेरिकेतल्या लोकांनी काळ्यांना दास्यातून सोडवलं म्हणून ते पुस्तक त्यांना अर्पण केलं. वऱ्हाडात चांदीची धाव आली, पुण्यात एक अर्पणपत्रिका आली. आमच्या घराने धाव निवडली होती. अर्पणपत्रिका माझ्या हाती कॉलेजात आली, तीही परीक्षेला होती म्हणून. आणि पाल्मिटो रँचच्या माळावरून माघारी फिरलेले ते काळे शिपाई, बासष्टावी पलटण, मिसुरीचे. त्यांच्या तळावर हुकूम होता की कोणी पत्ते खेळताना सापडला तर त्याला हातात पुस्तक देऊन सगळ्यांसमोर उभं करायचं, धडा पाठ होईपर्यंत. युद्ध संपल्यावर याच पलटणीच्या लोकांनी आपल्या पगारातून पाच हजार डॉलर जमवले आणि १८६६ मध्ये मिसुरीत शाळा काढली. ती आज लिंकन युनिव्हर्सिटी आहे. रस्त्याकडेच्या त्या फलकापाशी मला एवढं माहीत असतं तर लेकीला हे नक्की सांगितलं असतं. नंतर सांगितलं, गाडीत. तिने इयरफोन काढून ऐकलं आणि विचारलं, "पत्त्यांसाठी पनिशमेंट म्हणून वाचन? आजी इथे असती तर तिला आवडलं असतं."

सप्टेंबरात बाबा परत गेले. सामान बांधताना खिशातला पुंजका त्यांनी माझ्या हातात दिला, "सरकी आहे याच्यात, इमानतळावर धरतीन," म्हणाले. मी तो गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवला. मग दिवाळी झाली, आणि नोव्हेंबरच्या एका रविवारी फोनवर बीपी, गोळ्या, शेजारच्यांचं लग्न वगैरे होऊन गेल्यावर मी म्हटलं, बाबा, ते तुम्ही विचारलं होतं ना, त्याचं काही धड उत्तर मिळालं नाही. पण एक आहे, बातमी कळली होती त्यांना.

"असंनच कळली," बाबा म्हणाले. आणि थोडं थांबून त्यांनी एका केंद्राची गोष्ट सांगितली, ते नोकरीत नवे असतानाची. खरेदी बंद झाली होती. फळ्यावर खडूनं लिहिलं होतं, माणूस गावोगाव सांगून आला होता. तरी फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची दीड मैल लाइन. रात्री गाड्यांखाली शेकोट्या, बैल रवंथ करताहेत, भाकरी घरून येताहेत. तीन दिवस कोणी हललं नाही. उलट मागून आणखी गाड्या येऊन लागत होत्या. चौथ्या दिवशी दगड सुरू झाले, बाबांच्या टेबलाची काच फुटली.

"तुले वाटते त्यायले मालूम नव्हतं? सगळ्यायले मालूम होतं. पण एवढी लाइन लावल्यावर माणूस घरी कोण्या तोंडानं जाईन?"

"पण बाबा, तिथे माणसं मेली."

पलीकडे जरा वेळ पंख्याचा आवाज येत राहिला. मागे आई कोणाशी तरी बोलत होती.

"इथंबी मेले वं," ते म्हणाले. आणि लगेच, "तिकडं कापसाले भाव काय चालू आहे सध्या?"

मी दुसऱ्या फोनवर बघून सांगितलं. पौंडाचा सेंटमधला भाव क्विंटलच्या रुपयांत करायला आम्हा दोघांना बराच वेळ लागला.